अंजनाबाई, धन्यवाद

मे लागला की दुपारी बाराला जळगाव हे गाव राहत नाही. दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतात, रिक्षावाले कडुनिंबाखाली रिक्षा लावून मागच्या सीटवर पाय दुमडून पडतात, कुत्री गटारीच्या ओलीत जाऊन बसतात. आमचं ऑफिस एका मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून खाली बघितलं तर डांबर हलताना दिसतं, आणि त्या हलण्यात, लांब वळणापाशी, कुणीतरी बाई चालत येतेय असं वाटतं. डोळे चोळून बघावं तर रस्ता रिकामा. दरवर्षी मी ठरवते, यंदा खिडकीपाशी जायचं नाही. दरवर्षी जाते.

माझी माय सांगायची, भर बाराला कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस असेल तर तिसरी हाक मारतं. दुसरं काही असेल तर त्याला तिसरी येत नाही. मी इंजिनिअर झाले, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तसं मी तिला तोंडावर सांगितलंही आहे. पण मे महिन्यात, भर दुपारी, ऑफिसात एकटी असताना जिन्यातून कुणी "मॅडम" म्हणालं, तर मी अजून गप्प बसते आणि मोजते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी आवाज कमी करत नाही. धुळे जिल्ह्यातलं आमचं गाव. बाप ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. माय दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला, कापूस वेचायला. मी जळगावात इंजिनिअरिंग केलं. सोबतचे सगळे पुण्याला गेले. मी आणि माझा वर्गमित्र इरफान इथेच राहिलो आणि कंपनी काढली. कंपनी म्हणजे आम्ही दोघं, चार टेबलं, एक कूलर आणि पुण्याला जायची वाट बघणारी दोन मुलं. मुलं दर सहा महिन्यांनी बदलतात, वाट बघणं तेच असतं. बोर्ड रंगवणाऱ्याने 'सॉप्टवेअर' लिहून ठेवलं. मी भांडायला निघाले होते. इरफान म्हणाला, "राहू दे. लोक तसंच म्हणतात, त्यांना लवकर सापडू."

छोटी कंपनी चालवणं म्हणजे काय, ते मला एका वाक्यात सांगता येत नाही. सकाळी दहाला एकाचा फोन येतो, "ताई, तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे एकदम भारी." अकराला त्याचाच फोन, "ताई, ते मेलं." आम्ही घाम पुसत पोचतो, तर वीज गेलेली असते. एका शाळेने आम्हाला निकालाच्या कामाला म्हणून बोलावलं आणि पंखा दाखवला. इरफानने तो दुरुस्त केला, मग निकालाचं कामही मिळालं. एखाद्या दिवशी आपण तयार केलेली गोष्ट तापीकाठच्या एखाद्या शेतात कुणीतरी वापरतंय, हे आठवून मी जेवता जेवता एकटीच हसते. दुसऱ्या दिवशी वाटतं, कुठे या भानगडीत पडलो. पण ज्या उन्हाळ्याची मला दर मे महिन्यात आठवण येते, त्या उन्हाळ्यात चढ आणि उतार वेगवेगळ्या दिवशी आले नाहीत.

त्याची सुरुवात मायच्या अंगठ्यापासून झाली.

मी शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत घरी गेले, तेव्हा माय मला रेशन दुकानात घेऊन गेली. तिथे अंगठा लावायचं मशीन नवं आलं होतं. तिने अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून ठेवला, लाल दिवा. केसांतून फिरवून थोडं तेल लावून ठेवला, दुसरं बोट, तिसरं बोट, दुसरा हात. मागची रांग चुळबुळायला लागली. मी तिचा हात उलटा करून बघितला. तीस वर्षं कापसाची बोंडं, विळा आणि भांड्यांची राख. बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत टोकं. घरी येताना ती हसत म्हणाली, "मी शे तं खरी व पोरी. पन त्याले दिसत नही."

ते हसणं मला आजही सहन होत नाही. मी तेव्हाच ठरवलं, मायचा अंगठा ओळखेल असं मशीन मी बनवीन.

आणि बनवलं. चोपड्याकडे तापीकाठी एक मोठी केळीची बाग आहे. मे महिन्यात तिथे बाया पहाटे सहाला आत जातात, घडांना उन्हापासून वाचवायला पिशव्या बांधतात, वाळलेली पानं कापतात, आणि बाराच्या आत बाहेर पडतात. मालकाला एवढंच हवं होतं की आत किती गेल्या आणि बाहेर किती आल्या, हे फाटकाशी कळावं. कारण ती बाग तशीच आहे. बाहेर ऊन डोळे फोडतं आणि आत चार पावलं टाकली की गार, ओलं, हिरवट अंधारलेलं. सगळ्या ओळी सारख्या. मागे वळून बघावं तर आपण आलो ती वाट कुठली, ते कळत नाही. घडांवर पांढऱ्या पिशव्या लोंबतात, डोक्यावरून पदर घेऊन बाया रांगेत उभ्या असाव्यात तशा. वारं सुटलं की फाटकी पानं एकमेकांवर घासतात, आणि ते बोलल्यासारखं ऐकू येतं. बत्तीस बाया आत गेल्या की पाच मिनिटांत एकीचाही आवाज बाहेर येत नाही.

मशीन अंगठ्याच्या रेघा जुळवून बघतं. किती जुळल्या म्हणजे ओळख पटली समजायचं, तो आकडा आम्ही ठरवायचा. नेहमीच्या आकड्यावर बत्तीसपैकी जेमतेम दहा जणींचे अंगठे लागत होते. मी इरफानला म्हटलं, "खाली घे."

"आणखी खाली नको आणू," तो म्हणाला. "मग ते कुणालाही हो म्हणेल."

"तुला काय जातंय बोलायला? तुझ्या घरात सगळ्यांचे अंगठे लागतात."

"माझे अब्बू चाळीस वर्षं पत्रा ठोकताहेत. त्यांच्या अंगठ्याला अंगठा म्हणायचं का, इथून सुरुवात आहे."

"मग तर घेच खाली."

त्याने घेतला. मशीनला आवाजही द्यायचा होता, कारण बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. अंगठा लागला की मशीनने नाव घ्यायचं आणि धन्यवाद म्हणायचं. बत्तीस नावं मी स्वतः बोलून भरली. कूलर बंद करून, दार लावून, घामाघूम होत, एकेक नाव मानाने घेतलं. या बायांना त्यांच्या जन्मात कोणत्या यंत्राने धन्यवाद म्हटलं होतं?

पहिल्या आठवड्यात मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यांचे अंगठे लागत होते. पहिल्यांदा नाही तर दुसऱ्यांदा, नाही तर चौथ्यांदा. गंमत एकच होती. पुष्कळदा आधी वेगळंच नाव यायचं, आणि ते बहुतेक एकाच बाईचं. अंजनाबाई. पन्नाशीची, बारकी, काळीसावळी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. यादीत तिचा नंबर पहिला होता.

"अंजनाबाई, धन्यवाद," मशीन माझ्या आवाजात म्हणालं. अंगठा लावणारी होती दुसरीच, धिप्पाड वत्सलाबाई. तिने छाती बडवून घेतली. "व माय! मना आंगमा अंजना वनी!"

बाया फुटून हसल्या. वत्सलाबाईने केस मोकळे सोडल्यासारखं करून मान घुमवली, अंगात आल्यासारखी. "मंग आते तिना घर जाईसन भाकरी बी मीच टाकू का?"

"टाक ना व," अंजनाबाई मागून हळूच म्हणाली. "माले तेवढाच आराम."

मीही हसले. मग आपलं नाव येईपर्यंत वत्सलाबाईने अंगठा दाबला, आणि रांग पुढे गेली. त्यांचे मुकादम होते सुकदेव नाना, पांढऱ्या टोपीतले, मोजकं बोलणारे. ते जाता जाता म्हणाले, "ताई, तुमनं मशीन अंजनाबाईवर भलतं खुश शे. बठ्ठास्ले तेच नाव देस." मी म्हटलं, "अंगठा कोरडा करून लावायला सांगा, नाना." मशीन सगळ्यांना एकच नाव देतंय असं सांगून मला कुणीतरी सावध करतंय, हे मला कळलं नाही. मला वाटलं, कौतुक आहे.

तो शुक्रवार होता. असाच मे, असंच खिडकीतलं हलतं डांबर. इरफान नमाजला गेला होता, मुलं जेवायला. पाऊण वाजता नानांचा फोन आला.

"ताई, अंजनाबाई घर नही वनी. गाडी वनी, बठ्ठ्या बाया वन्यात, तिना डबा वना, मोबाईल डबामा शे. पन ती नही. तुमनं मशीन काय सांगस?"

डब्यांच्या पिशव्या बाया आधीच गाडीत टाकून ठेवत, त्यामुळे डबा आला म्हणजे बाई आली असं सगळ्यांनी धरलं होतं. पडद्यावर 'आत' शून्य झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, आणि ते शून्य झालं होतं. मी कॉम्प्युटरवर बघितलं. अंजनाबाई, बाहेर, अकरा बावन्न.

"बाहेर पडल्यात नाना. अकरा बावन्नला. नोंद आहे."

"नक्की ना ताई?"

"नक्की. मशीन आहे ते, माणूस नाही चुकायला."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने. त्या शब्दांवर विसंबून नानांनी माणसं पाठवली ती स्टँडवर, रस्त्याकडेच्या झाडांखाली, शेजारच्या गावात तिच्या बहिणीकडे. बागेत कुणी गेलं नाही. मशीनने सांगितलं होतं की बाग रिकामी आहे.

इरफान परत आला तेव्हा मी त्याला सहज सांगितलं. त्याने हातातली टोपी टेबलावर ठेवली आणि मशीनवर पडलेला प्रत्येक अंगठा वेगवेगळा दाखवणारी यादी उघडली. ती मी कधी बघत नसे. मला बेरीज पुरायची. त्याने यादी खाली सरकवायला सुरुवात केली. अकरा एक्केचाळीस, अंजनाबाई. अकरा बेचाळीस, अंजनाबाई. मध्ये एखादं दुसरं नाव, मग परत अंजनाबाई, थेट अकरा बावन्नपर्यंत. पान सरकत होतं आणि तेच नाव एकाखाली एक येत होतं, कुणीतरी वहीत शिक्षा म्हणून लिहिल्यासारखं. कूलरच्या घरघरीत मला ते माझ्या आवाजात ऐकू यायला लागलं.

"किती वेळा बाहेर पडली ही?" मी म्हटलं.

"एकदा तरी पडली का, ते सांग," इरफान म्हणाला.

मग तो खुर्चीत बसला आणि त्याने शांतपणे समजावलं. तिच्या अंगठ्यात काहीच उरलेलं नव्हतं. सगळ्यांत गुळगुळीत अंगठा तिचा, आणि आकडा आम्ही इतका खाली आणलेला. ज्याच्यात काहीच नाही, त्याच्याशी सगळ्यांचं जुळतं. झिजलेला कुठलाही अंगठा मशीनला तिचाच वाटत होता. वत्सलाबाईने बाहेर पडताना आधी तिच्या नावाने अंगठा लावला, मग स्वतःच्या. तसंच आणखी कितीजणींनी. अंजनाबाईंना बाहेर पडायची गरजच नव्हती. त्यांच्या वतीने पुष्कळ जणी पडल्या होत्या.

फोन उचलायला मला किती वेळ लागला, ते इरफानला माहीत आहे. मी कधी कुणापुढे 'माझं चुकलं' म्हटलेलं नव्हतं. आमच्यासारख्यांना ते परवडत नाही, लोक तेवढ्याचीच वाट बघत असतात. पण ती बाई बागेत होती.

"नाना, माझं मशीन चुकलंय. मी तुम्हाला नक्की सांगितलं ते खोटं होतं. त्या बाहेर पडल्या का, मला माहीत नाही. बागेत शोधा."

मग नाना म्हणाले, "दोन तास व्हयनात, ताई."

आम्ही मोटारसायकलवर निघालो. तोंडाला फडकं बांधूनही वारं भट्टीतून आल्यासारखं लागत होतं. रस्त्यावर माणूस नाही, तापीच्या पुलावर माणूस नाही. पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. बाया गाडीने परत आल्या होत्या आणि ओळीओळींतून शिरल्या होत्या. मीही शिरले. आतला गारवा अंगावर आला आणि मला थंडी वाजली. चारी बाजूंनी हाका येत होत्या, "अंजनाऽऽ", "अंजनाऽऽ व", पण बोलणारी एकही दिसत नव्हती. पांढऱ्या पिशव्या तेवढ्या हलत होत्या.

आणि मग फाटकाकडून, अगदी स्पष्ट, अगदी आदराने, माझाच आवाज आला. "अंजनाबाई, धन्यवाद."

मी जागेवर थिजले. हाका थांबल्या. पानंसुद्धा थांबली असं मला वाटलं. मग कळलं, मागून आलेली कुणीतरी बाई आत शिरताना सवयीने अंगठा लावून आली होती. तेवढंच. पण त्या क्षणी बागेतल्या प्रत्येक बाईने मान फाटकाकडे वळवली असणार, ती आलीच असं समजून. ते मशीन तेवढं खात्रीने बोलत होतं.

ती वत्सलाबाईला सापडली. मधल्या ओळींत, ठिबकची नळी जिथे फुटली होती तिथल्या चिखलात, अर्धी कुशीवर. चक्कर येऊन पडली होती. त्या फुटक्या नळीच्या पाण्याने तिला राखलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. बाहेर उन्हात असती तर तासभर टिकली नसती. तिला बाजेवर घालून फाटकाशी आणली, पाणी पाजलं, तळव्यांना ओला पदर चोळला. तिने डोळे उघडले. नाना म्हणाले, "अंजना, हाई कंपनीनी ताई शे. जळगावहून वनी तुनाकरता."

मी म्हटलं, "अंजनाबाई, माझं चुकलं."

तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे. म्हणाली, "तुना आवाज व्हता व्हय तो."

मग थांबत थांबत बोलली. "मी पडेल व्हतू. उठता ये ना. तठून घडीघडी मनं नाव ये. मी ओ दिधी नही. भर बाराले कोन ओ दी? मंग गाडी चालनी गयी. मी म्हन्तं, अंजना तं गयी गाडीमा." तिने माझं मनगट धरलं. हात ओला आणि विलक्षण गार होता. "मंग आठे पडेल शे ती कोन व?"

वत्सलाबाई थोडी लांब, जमिनीवर बसली होती. उजवा अंगठा डाव्या मुठीत दाबून धरला होता, पोराचं तोंड दाबावं तसा.

तीन दिवस सलाइन लागली आणि अंजनाबाई बरी झाली. मालकाने मशीन परत केलं, दुसऱ्या दोन बागांचं ठरलेलं कामही गेलं. मी त्याबद्दल रडले नाही. पुढच्या आठवड्यात मी परत त्या फाटकाशी गेले आणि बत्तीस जणींसमोर, उभ्याने, काय झालं ते सगळं सांगितलं. आकडा खाली का आणला तेही. ही चूक शिकलेल्या घरातल्या माणसाच्या हातून झाली नसती. त्याने तो आकडा होता तिथेच ठेवला असता, आणि या बायांना लाल दिवा दाखवून मोकळा झाला असता. मला त्यांना आत घ्यायचं होतं. सगळ्यांना घेता घेता मी सगळ्यांची मिळून एकच बाई करून ठेवली.

आता आम्ही अंगठा वापरत नाही. वर्षभराने नानांनीच परत बोलावलं, तेव्हा नवं केलं ते फार साधं आहे. बाहेर पडताना नाना मोबाईलवर बघून नाव घेतात. जिचं नाव, तिने बोलायचं नाही. शेजारची तिच्याकडे वळून बघते आणि आमच्या अहिराणीत म्हणते, "शे", म्हणजे आहे. मग नाना बटण दाबतात. बटणावर काय लिहायचं, असं ऑफिसातल्या नव्या मुलाने विचारलं. "मॅडम, 'प्रेझेंट' लिहू?" मी म्हटलं, 'शे' लिही. त्याला ते फार गावठी वाटलं. सहा महिन्यांत तो पुण्याला गेला, बटण आहे.

नाना सांगतात, अंजनाबाईचं नाव आलं आणि शेजारची "शे" म्हणाली, की अंजनाबाई अजूनही विचारते, "कोन, मी?" बाया हसतात. नाना हसत नाहीत, थांबतात, आणि ती स्वतःचा हात एकदा दुसऱ्या हाताने चाचपून गाडीत चढली की मगच पुढचं नाव घेतात.

यंदा मे महिन्यात माय माझ्याकडे आली आहे. परवा दुपारी डबा घेऊन ऑफिसात आली होती. इरफान बाहेरगावी, मुलं जेवायला. मला पेन सापडेना म्हणून तिने टेबलाचा खालचा खण उघडला आणि ते जुनं मशीन बाहेर काढलं. मी ते टाकून दिलेलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. मध्येच कधीतरी चार्जही करते.

"हाई तेच का व, तू मनाकरता बनाडं व्हतं ते?" तिने विचारलं, आणि मी नको म्हणायच्या आत अंगठा ठेवला.

हिरवा दिवा लागला. "अंजनाबाई, धन्यवाद."

मायचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या मशीनने तिला लाल दिवा दाखवला नव्हता. "लिधं व माले!" ती म्हणाली, मला घेतलं म्हणून. नाव दुसऱ्याचं होतं, हे तिला थोड्या वेळाने लक्षात आलं. "पन अंजना कोन?"

मग मी तिला सगळं सांगितलं. अकरा बावन्नचंही, 'माणूस नाही चुकायला' हेही. ते मी तोवर घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने मला बोल लावला नाही, समजूतही घातली नाही. अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तिले कोनी तरी हाक मारी, हाई चांगलं करं." आणि कूलरचं पाणी संपलंय म्हणत बादली घेऊन मागच्या गॅलरीत गेली.

बारा वाजून गेले होते. मी मशीन परत आत ठेवून खण लावला. खिडकीखाली डांबर हलत होतं. गॅलरीतून नळाचा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता.

"माय," मी हाक मारली.

कूलरची घरघर तेवढी. मशीनमधून नुकताच बोललेला तो आवाज आणि आताचा हा आवाज एकच होता, हे मला माझ्याच कानांनी ऐकू आलं.

"माय!"

काही नाही. ती मोजत असणार, हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तिसरी हाक मला मारता येते की नाही, याचीच मला क्षणभर खात्री वाटेना.

"माऽय!"

"शे व, शे," गॅलरीतून आवाज आला. मग कूलरमध्ये पाणी पडलं.